तळाचा मासा : टे नदीवरील एका कलेचा इतिहास

मासे धरणें हा कोळ्या-भोयांचा धंदा, मासे खाणें हा ज्याच्या त्याच्या घराचा प्रश्न, आणि माशांवर लिहिणें हें मात्र कोणाचेंच काम नव्हे, अशी आमच्या सुशिक्षित वर्गाची एक मुकाट समजूत आहे. आमच्या पूर्वजांची ती नव्हती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. कोणता मासा कोठें राहतो, त्याला कोणतें खाद्य रुचतें, गळाचा दोर कसा असावा, या गोष्टी एका राजानें गजशास्त्राच्या आणि संगीताच्या शेजारीं बसवून सांगितल्या आहेत. तेव्हां आज आम्ही एका दूरदेशच्या नदींतील मासे धरण्याच्या रीतीचा इतिहास सांगूं लागलों, तर त्यांत वाचकांनीं फारसा विषाद मानूं नये. हा इतिहास वरवर पाहतां गळाचा आणि आमिषाचा आहे. पण थोडें खोल गेल्यावर तो मालकीचा, ज्ञानाचा आणि शेवटीं पश्चात्तापाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

नदी स्कॉटलंडची आहे. तिचें नांव टे. हायलंड्समधील बेन लुई पर्वताच्या उतारावर ती उगम पावते, लॉक टे या लांबट सरोवरांतून बाहेर पडते, आणि डंकेल्ड, केपथ, पर्थ हीं गांवें मागें टाकून डंडी शहराजवळ समुद्रास मिळते. लांबी म्हणाल तर १२० मैलांच्या आसपास. आमच्या गोदावरी-कृष्णांपुढें ती ओढाच ठरेल. परंतु सगळ्या ब्रिटनमध्यें हिच्याइतकें पाणी वाहून नेणारी दुसरी नदी नाहीं. या नदींतील मासा म्हणजे सॅमन. मुंबईच्या बाजारांत रावस माशाला 'इंडियन सॅमन' म्हणण्याची चाल आहे. पण दोहोंचा कुळाशीं किंवा गोत्राशीं कांहीं संबंध नाहीं. साहेबाला परक्या मुलखांत आपल्या घरचा मासा आठवला आणि त्यानें ते नांव रावसाला चिकटवून दिलें, एवढाच त्याचा अर्थ. पूर्वीच्या इंग्रज शिकाऱ्यांनीं आमच्या महसीर माशाचीहि अशीच सॅमनशीं तुलना केली आहे. हेन्री सलिव्हन टॉमस याच्या 'द रॉड इन इंडिया' (१८७३) या पुस्तकांत ती ठिकठिकाणीं आढळेल.

सॅमनचें चरित्र एखाद्या पुराणकथेसारखें आहे. हिवाळ्याच्या तोंडीं मादी नदीच्या वरच्या अंगास, थंड व वाहत्या पाण्यांत, वाळू-गोट्यांमध्यें खळगा करून अंडीं घालते. वसंतांत त्यांतून पिलें निघतात, दोन-तीन वर्षें नदींत वाढतात, मग अंगावर चांदीची झळाळी आल्यावर समुद्राकडे निघतात. ग्रीनलंड आणि फेरो बेटांच्या बाजूच्या थंड सागरांत एक, दोन, कधीं तीन वर्षें राहून, खाऊन-पिऊन पुष्ट होऊन, तीं आपल्या जन्माच्या नदींत परत येतात. शेवटच्या टप्प्यांत नदीच्या पाण्याचा वास त्यांना घराची वाट दाखवितो, हें आतां शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे. पॅसिफिक महासागराकडील यांचे भाऊबंद एकदां अंडीं घातल्यावर बहुतेक सारे मरतात. अटलांटिकच्या सॅमनपैकीं थोडे वांचतात आणि पुन्हां समुद्राची वाट धरतात.

आतां या चरित्रांत एक कोडें आहे आणि मासेमारीची सारी कला त्या कोड्याभोंवतीं उभी आहे. समुद्रांतून नदींत शिरलेला सॅमन खात नाहीं. त्याचें पोट आकसून जातें, अंगांत सांठविलेल्या चरबीवर तो महिनेच्या महिने काढतो. मग ज्याला भूकच नाहीं, तो गळाला लागावा कां? कोणी म्हणतात, लहानपणींची संवय उचल खाते. कोणी म्हणतात, आपल्या जागेंत घुसलेल्या परक्याचा राग येतो. कोणी निव्वळ कुतूहल म्हणतात. निर्णय अद्याप झालेला नाहीं. पण नदीकांठच्या नावाड्यांनीं या वादाच्या निकालाची वाट पाहिली नाहीं. त्यांनीं एवढेंच ओळखलें कीं, जो भुकेसाठीं वर येत नाहीं, त्याच्या दाराशीं आपण गेलें पाहिजे. आणि त्याचें दार तळाशीं आहे.

तळाशींच कां, याचेंहि कारण सांगितलें पाहिजे. वाहत्या पाण्याचा वेग वरच्या थरांत अधिक आणि तळाशीं, दगडगोट्यांच्या घर्षणामुळें, कमी असतो. प्रवाहाविरुद्ध शेंकडो फूट चढावयाचें आहे आणि पोटांत अन्न नाहीं, अशा प्रवाशानें आपलें बळ जपावें हें साहजिक आहे. म्हणून तो एखाद्या मोठ्या धोंड्याच्या पुढच्या किंवा मागच्या बाजूस, जेथें पाण्याचा रेटा मंदावतो तेथें, विसावा घेतो. पिढ्यान् पिढ्या मासे बदलतात, पण विसाव्याच्या जागा त्याच राहतात. पाणी फार थंड असतें तेव्हां मासा जडावलेला असतो आणि आमिषासाठीं वर उठत नाहीं; पाणी कांहींसें उबदार झालें, फॅरनहीटच्या सुमारें ४८ अंशांच्या पुढें गेलें, कीं तो पृष्ठभागाजवळच्या पिसांच्या माशीलाहि फसतो, असा शेजारच्या डी नदीवर विसाव्या शतकाच्या आरंभीं मुरलेल्या मंडळींचा अनुभव होता. तेव्हां वसंताच्या आरंभीं आणि शरदाच्या शेवटीं, म्हणजे टे नदीच्या हंगामाच्या दोन्ही टोंकांना, तळ गांठल्याशिवाय गत्यंतर नाहीं.

चालत्या नावेच्या मागून आमिष ओढीत नेण्याच्या रीतीला इंग्रजींत 'ट्रोलिंग' म्हणतात. या शब्दाचा प्रवास मोठा मौजेचा आहे. आयझॅक वॉल्टननें १६५३ त आपला सुप्रसिद्ध मत्स्यसंवाद छापला; त्यानंतर १६८२ त रॉबर्ट नॉब्ज नांवाच्या लेखकानें केवळ ट्रोलिंगवर एक पुस्तक लिहिलें. पण त्या काळच्या ट्रोलिंगमध्यें नावेचा मुळीं संबंधच नव्हता. कांठावर उभें राहून मेलेला लहान मासा गळाला ओंवावयाचा, तो पाण्यांत बुडवावयाचा आणि पुन्हां वर उचलावयाचा, आणि पाइक नांवाच्या हिंस्र माशाला भुलवावयाचें, ही ती रीत. शब्द पुढें सरोवरांत गेला, नावेंत बसला आणि अखेर समुद्रावर पोंचला. टे नदीवरील नावाड्यांनीं मात्र आपल्या रीतीस निराळेंच नांव ठेविलें : हार्लिंग.

हार्लिंगची कल्पना सोपी आहे, कृति अवघड आहे. नावेचें तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेस ठेवावयाचें. मागच्या अंगास दोन किंवा तीन काठ्या टेकवून ठेवावयाच्या आणि प्रत्येकीचा दोर तीस-चाळीस यार्ड मागें सोडावयाचा. मग नाव वल्ह्यांच्या बळावर एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंत आडवी न्यावयाची, तेथें वळवावयाची, आणि परत आणावयाची. प्रत्येक फेऱ्यास ती यार्डभर खालीं सरकूं द्यावयाची. कोष्ट्याचा धोटा जसा मागाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत धांवतो आणि दर खेपेस कापड बोटभर वाढतें, तशीच ही नाव डोहभर विणीत जाते. डोहांतील एकहि धोंडा, एकहि विसावा, आमिषाच्या वाटेंतून सुटत नाहीं. बसलेल्या शिकाऱ्यानें करावयाचें फारच थोडें. जुनी चाल अशी कीं, दोराचें एक वेटोळें नावेच्या तळाशीं घालून त्यावर एक गोटा ठेवावयाचा. मासा लागला कीं त्या गोट्याच्या वजनानेंच गळ रुतून बसे.

खरी विद्या वल्हें मारणाऱ्याच्या मनगटांत असे. आमिष किती खोल जाईल हें दोराच्या लांबीवर, शिशाच्या वजनावर आणि सर्वांत अधिक नावेच्या गतीवर अवलंबून आहे. वल्हें जोरानें मारून नाव प्रवाहांत घट्ट धरली, तर पाण्याचा ताण दोराला वर उचलतो आणि आमिष तळापासून सुटतें. वल्हें किंचित् सैल सोडलें, तर नाव खालीं सरकते, ताण कमी होतो आणि आमिष खोल जातें. जास्त सैल सोडलें, तर शिसें दगडांच्या फटींत अडकतें आणि दोरहि जातो, आमिषहि जातें. म्हणजे तळ गांठावयाचा, पण तळाला लागावयाचें नाहीं. या दोहोंच्या मधल्या वीतभर जागेंत ही कला राहते. नाव कांठाशीं वळते तेव्हां दोर क्षणभर ढिला पडतो, आमिष बुडतें, मग एकाएकीं दिशा बदलून वेगानें उठतें. आणि अनेकदां त्याच क्षणीं मासा झडप घालतो. नावाड्याला पाण्याखालचें दिसत नसतें. धोंडा कोठें आहे, खळगा कोठें आहे, पूर आला म्हणजे विसाव्याची जागा किती हात सरकते, हें तो पृष्ठभागावरच्या सुरकुत्यांवरून वाचतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या ग्रंथाचें असें वाचन करणाऱ्यास आपण पंडित म्हणत नाहीं, एवढाच काय तो फरक.

येथें मालकीचा प्रश्न उभा राहतो. स्कॉटलंडच्या कायद्यानें सॅमन धरण्याचा हक्क ही एक स्वतंत्र वंशपरंपरागत मिळकत आहे. मूळचा हक्क राजाचा; त्याच्या दानपत्रांनीं तो सरदारांकडे आणि मठांकडे गेला, आणि पुढें खरेदी-विक्रीनें हातोहात फिरला. नदीकांठची जमीन एकाची, आणि तिच्यासमोरचा मासा दुसऱ्याचा, असेंहि असूं शकतें. ज्याचा जन्म नदीकांठीं गेला त्या शेतमजुरानें रात्रीं एखादा मासा उचलला, तर तो चोर. ज्यानें डोह ओळखला तो पगारी नावाडी, आणि ज्यानें काठी धरली त्याच्या नांवावर मासा. आमच्याकडेहि वतनें होतीं. म्हणून हें वाचतांना आम्हांला फारसें नवल वाटत नाहीं, फक्त खिन्नता वाटते.

या मिळकतीला सोन्याची किंमत आणली ती एका संभाषणानें, आणि त्यांत ईस्ट इंडिया कंपनीचा संबंध आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टे नदीचा मासा लंडनला जाई तो शिजवून आणि शिरक्यांत मुरवून. ताजा मासा इतक्या दूर टिकत नसे. १७८६ च्या सुमारास कंपनीचा नकाशातज्ज्ञ अलेक्झांडर डॅलरिंपल यानें पार्लमेंटचे सभासद व पूर्वी कंपनीचे डायरेक्टर राहिलेले जॉर्ज डेम्पस्टर यांस सहज सांगितलें कीं, चीनच्या किनाऱ्यावर कोळी आपल्या होड्यांत बर्फ भरून मासे दूरवर नेतात. डेम्पस्टरनें ही गोष्ट पर्थच्या रिचर्डसन नांवाच्या मासळी-व्यापाऱ्यास लिहून कळविली. व्यापाऱ्यानें प्रयोग केला आणि तो साधला. थोड्याच वर्षांत स्कॉटलंडच्या नद्यांच्या मुखांशीं बर्फाचीं तळघरें उभीं राहिलीं, हिवाळ्यांतील बर्फ उन्हाळ्यासाठीं सांठवूं लागले, आणि टे नदीचा ताजा मासा लंडनच्या मेजवान्यांत पोंचला. जाळ्यांचा पसारा वाढला, भाडीं वाढलीं. चिनी कोळ्याची एक साधी युक्ति, कंपनीच्या कचेरींतून फिरून, एका स्कॉटिश नदीचें भवितव्य बदलून गेली. साम्राज्यांच्या इतिहासांत अशा नोंदी क्वचितच सांपडतात.

आतां त्या दिवसाकडे वळूं, ज्याच्यामुळें हार्लिंगचें नांव नदीकांठाबाहेर पसरलें. ७ ऑक्टोबर १९२२. हंगाम संपावयास आठ दिवस उरले होते. केपथ गांवचे जेम्स बॅलन्टाइन आणि त्यांची कन्या जॉर्जिना ग्लेनडेलव्हाइनच्या पाण्यावर नाव घेऊन गेलीं होतीं. जॉर्जिना पेशानें परिचारिका. तिची तिशी उलटली होती, आणि पहिल्या महायुद्धांत तिनें शुश्रूषेचें काम केलें होतें. सकाळीं तिनें तीन मासे धरले होते. संध्याकाळीं वडील वल्ह्यांवर आणि ती काठीवर, अशीं दोघें पुन्हां निघालीं. गळाला डेस नांवाचा लहान मासा, पाण्यांत गरगर फिरेल असा लावलेला होता. सव्वासहाच्या सुमारास, एका ओळखीच्या खडकाच्या वरच्या अंगास, दोराला हिसका बसला.

पुढचे दोन तास आणि पांच मिनिटें नदीचें राज्य होतें. मासा खालीं धांवला तशी नाव त्याच्यामागें धांवली. अंधार पडला, हात बधिर झाले, आणि समोर काय आहे तें दोघांसहि दिसेना. वडिलांनीं नाव अशी राखली कीं दोर तुटूं नये, सैलहि पडूं नये. मुलीनें काठी सोडली नाहीं. अखेर अर्ध्या मैलाच्या आसपास खालीं, काळोखांत, वडिलांनीं आंकडा घालून मासा नावेंत घेतला. वजन भरलें ६४ पौंड, म्हणजे सुमारें २९ किलो, आमच्या जुन्या मापानें ३१ शेर. लांबी ५४ इंच. ब्रिटनमध्यें काठी-गळानें धरलेल्या सॅमनचा तो उच्चांक ठरला, आणि शंभर वर्षें उलटून गेलीं तरी तो मोडलेला नाहीं. मासा पर्थच्या इस्पितळास देण्यांत आला. त्याआधीं तो गांवांतल्या एका दुकानाच्या खिडकींत मांडला होता. गर्दींत उभी असलेल्या जॉर्जिनेनें दोन म्हाताऱ्यांचें बोलणें ऐकलें. एवढा मासा कोण्या बाईनें पाण्याबाहेर काढला असेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. ती कांहीं न बोलतां हंसत निघून गेली, असें ती पुढें सांगत असे.

योगायोग असा कीं, १९२३ त वाय नदीवर डोरीन डेव्ही हिनें साडे-एकोणसाठ पौंडांचा आणि १९२४ त डेव्हेरॉन नदीवर श्रीमती मॉरिसन हिनें ६१ पौंडांचा सॅमन धरला. तीन वर्षांत तीन प्रचंड मासे, आणि तिन्ही स्त्रियांच्या हातीं! यावरून स्त्रियांच्या हातांच्या गंधानें मासा आकृष्ट होतो, असा एक तर्कहि पुढें लढविण्यांत आला. तो सिद्ध झालेला नाहीं. आम्हांस वाटतें, गंधाची गरजच नाहीं. संधि मिळाली कीं काय होतें, याचें हें उदाहरण आहे. आणि टे नदीवरच्या माशांत तर आणखी एक वांटेकरी आहे : वल्ह्यावरचा बाप. उच्चांकाच्या यादींत त्याचें नांव येत नाहीं. पण आमिष ज्या खोलीवर होतें, त्या खोलीवर तें ठेवणारा हात त्याचाच होता.

त्याच काळांत, त्याच नदीवर, दुसरेंहि एक वाचन चाललें होतें. पर्थच्या पी. डी. मॅलॉक यानें १९०५ त समुद्राकडे निघालेल्या हजारों पिलांना चांदीच्या बारीक तारेची खूण करून सोडलें, आणि पुढल्या वर्षांत खुणेचे मासे लहान-मोठ्या आकारांत परत येऊं लागले. तेव्हां लहान ग्रिल्स आणि मोठा सॅमन हे एकाच जातीचे, फक्त समुद्रांतील वास्तव्याचा काळ निराळा, हें निःसंशय ठरलें. एच्. डब्ल्यू. जॉन्स्टन यानें १९०४ च्या सुमारास माशाच्या खवल्यांवरील कंगोरे मोजून त्याचें वय सांगण्याची रीत टे नदीच्या माशांवर घालून दिली. झाडाच्या बुंध्यांत जशीं वर्षें असतात, तशीं खवल्यांतहि असतात. ज्या व्यवसायानें मासा मारला, त्यानेंच त्याचें चरित्रहि लिहिलें, हें येथें नमूद केलें पाहिजे.

पुढचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो, पण तो सांगतांना लेखणी जड होते. टेला मिळणाऱ्या टमेल नदीवर पिटलॉक्री येथें विजेसाठीं धरण बांधलें गेलें. माशांना वर जातां यावें म्हणून त्याच्या कुशींत ३४ कुंडांची जलशिडी करण्यांत आली, ती १९५१ पासून चालूं आहे. मुखाजवळचीं जाळीं विसाव्या शतकाच्या अखेरीस मोबदला देऊन थांबविण्यांत आलीं. किनाऱ्यावर सॅमन मारण्यास २०१६ त बंदी झाली. २०१५ पासून १ एप्रिलपूर्वीं धरलेला सॅमन परत सोडणें कायद्यानें बंधनकारक झालें. आणि आज स्कॉटलंडमध्यें काठीनें धरलेल्या दर दहा सॅमनपैकीं नऊंहून अधिक मासे जिवंत सोडले जातात. इतकें करूनहि मासा घटतच गेला. २०२३ त स्कॉटलंडभर काठीनें धरलेले सॅमन सुमारें ३२ हजार भरले. १९५२ पासून ठेवलेल्या नोंदींत त्या वर्षापर्यंत इतका थोडा आंकडा कधींच पडला नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघानें ग्रेट ब्रिटनमधील सॅमनला धोक्यांतील जातींच्या यादींत घातलें. तापणारा समुद्र, गढूळलेले आणि अडविलेले प्रवाह, सागरी पिंजऱ्यांतील मत्स्यशेतीची कीड, हीं कारणें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. एकट्या गळावर दोष ठेवून मोकळें होतां येणार नाहीं.

तथापि गळालाहि निर्दोष म्हणवत नाहीं. तळाशीं विसावलेल्या, उपाशी, घराकडे निघालेल्या प्राण्याला डिवचून धरणें ही क्रीडा आहे, हें कबूल केलें पाहिजे. मग तो सोडला तरी त्याच्या थकव्याचा हिशेब उरतोच. म्हणून तिकडे आतां अनेक ठिकाणीं तीन टोंकांचे गळ टाकून बिनआंकडीचे एकेरी गळ वापरण्याचा आग्रह धरला जातो. कित्येक सुज्ञ मंडळी पाणी तापलें कीं काठीच उचलीत नाहींत. हा संयम कायद्यानें शिकविलेला नाहीं. तो ओळखीनें शिकविला आहे. ज्यानें डोहाचा धोंडा न् धोंडा ओळखला, त्यालाच तो डोह रिकामा झालेला सर्वांआधीं कळतो, आणि त्याच्याच तक्रारीला वजन असतें. नदी मेल्याचें वर्तमान कांठावरून जाणाऱ्या मोटारींतील माणसाला कधींच समजत नाहीं.

आमच्या रायगड जिल्ह्यांत महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडींत वरदायिनीच्या आश्रयानें महसीर मासे पिढ्यान् पिढ्या निर्भय राहिले आहेत. तेथें कोणी गळ टाकीत नाहीं. लोक मुरमुरे टाकतात आणि मासे वर येतात. टेच्या नावाड्यानें तळाचा मासा ज्ञानानें ओळखला, काळच्या गांवकऱ्यानें तो श्रद्धेनें राखला. दोन्ही वाटा निराळ्या आहेत आणि दोहोंतहि उणें आहे : ज्ञानाला उशिरां शहाणपण सुचलें, आणि श्रद्धेची सीमा एका कोंडीपलीकडे गेली नाहीं. कोंडीच्या खालीं व वर ती नदी आमचीच आहे. तेथील माशाची चौकशी आम्हीं कधीं केली आहे काय? केपथच्या त्या बापलेकींनीं काळोखांत दोन तास एक दोर तुटूं दिला नाहीं. माणूस आणि नदी यांच्यामधला दोर तसाच ताणलेला आहे, आणि वल्हें या वेळीं आमच्या हातांत आहे.